ब्रश लहान करा, बाई

यासीनभाई,

तुम्ही सांगितले होते त्याप्रमाणे मी आधी लोखंडाला हात लावला. संगणकाची वायर भिंतीतून काढली, कॅबिनेटची बाजूची पाटी उघडली आणि आतल्या थंड पत्र्यावर तळवा टेकवून मनाशी दहापर्यंत मोजले. दहाच का, पाच का नाही, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. अंगातली वीज आधी लोखंडात उतरू द्यावी, मगच मेमरीच्या पट्टीला हात लावावा, एवढे तुमचे म्हणणे होते. "नाईतर नवी पट्टी हातातल्या हातात मरते बाई, अन् मेलेली दिसत बी नाई."

ती पट्टी तुम्ही स्वतः येऊन बसवून देणार होता. शुक्रवारी, नमाज आटोपून, दुपारच्या बसने कारंज्याला. त्या शुक्रवारच्या आधी मंगळवार आला. त्या मंगळवाराला आज बारा दिवस झाले.

समोर बसून जे बोलता येत नाही ते चिठ्ठीवर लिहून आणायची माझी सवय तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. ही चिठ्ठी थोडी लांबेल. तुम्ही गिऱ्हाइके आटोपून घ्या. मला घाई नाही.

चौतीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवले. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असे, आणि वर्गाबाहेर पडले की तो दुकानाच्या काउंटरपलीकडेही पोचत नसे. संगणक हाती आला तो निवृत्तीनंतर. भाचीने तिचा जुना डेस्कटॉप दिला, मी एक स्कॅनर घेतला, आणि घरात भिंतीवर असलेले एकमेव छायाचित्र सर्वांत आधी काढून त्याच्या काचेवर ठेवले. माझ्या आईचे. मी तीन वर्षांची असताना ती गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही, आणि आम्हां दोघींचे एकत्र असे एकही छायाचित्र नाही. जे काही आहे ते हे आठ बाय दहा इंचांचे, खांद्यापर्यंतचे. त्यात ती डोळे उघडून पाहते आहे. पण माझ्याकडे नाही. लहानपणी मी खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभी राहून पाहिले होते. कुठेही उभी राहिले तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, जणू माझ्या पाठीशी कुणी अधिक महत्त्वाचे उभे होते.

पोथीची नक्कल करणाऱ्याने एक कानाही गाळू नये, हे आमचे शिक्षण. म्हणून मी स्कॅनरवर जो सर्वांत मोठा आकडा दिसला तो निवडला. रंगांची खोलीही सर्वांत अधिक. एका छायाचित्राची फाइल अर्ध्या जीबीहून मोठी झाली. ती उघडताना संगणक थांबला, आणि चहा करून, पिऊन, कप विसळून आले तरी तो थांबलेलाच होता. शेवटी उघडली तेव्हा मी आईच्या डोळ्यांपाशी गेले, मोठे करून पाहिले, आणि मला कुंचल्याचे फटकारे दिसले. बुबुळे रंगवलेली होती. पापण्यांचे केस एकेक काढलेले होते. डाव्या खांद्यावर पदराची जी जाडशी घडी होती तीही छायाचित्रातली नव्हती. तीही कुंचल्याची होती.

छायाचित्राच्या पाठीवर मंगरूळपीरच्या स्टुडिओचा शिक्का होता. माझे वडील तेव्हा तिथल्या तहसिलीत कारकून होते. साठ वर्षांनंतर तो स्टुडिओ असेल असे वाटले नव्हते, तरी मी बसने आले. तुमच्या दाराबाहेर वीस मिनिटे उभी राहिले. आत एका नवऱ्यामुलाचे बायोडाट्याचे फोटो चालले होते, आणि त्याचा काका "जरा गोरा करा ना भाऊ" म्हणून मागे लागला होता.

"गोरा करतो," तुम्ही म्हणालात, "पन पोरीवाले पाहाले आले की याले घरातच ठेवजा."

मग तुमची नजर माझ्यावर गेली. "बाई, काहून उभ्या राह्यल्या उनात? या ना आत."

मी बसले आणि पर्समधून चिठ्ठी काढून तुमच्यापुढे सरकवली. पाच प्रश्न, क्रमांकासह. तुम्ही चष्मा लावून ती वाचली, उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिले.

"पेपर काढला काय माह्यासाठी? कितीचे सोडवा लागते?"

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी मोठ्याने हसले. हे तुम्हांला सांगायला हवे होते.

भिंग घेऊन तुम्ही छायाचित्र न्याहाळले आणि भिंग खाली ठेवलेत. "अब्बाचा हात हाय हा," एवढेच म्हणालात. मग मला समजावलेत, माझ्याकडे न पाहता. पूर्वी कुणी गेले आणि त्याचा एकही फोटो नसला, की लोक फोटोवाल्याला घरी बोलवत. माणसाला आंघोळ घालून, खुर्चीत बसवून, मागून आधार देऊन फोटो काढत. पुढे छापील प्रतीवर कारागीर डोळे उघडे करून देई. तुमच्या वडिलांना त्यासाठी वाशीमपासून बोलावणी येत. "अब्बाचे डोये पाहून लोक म्हनत, मानूस आता बोलन." तुमच्या आवाजात अभिमान होता आणि तो तुम्ही लगेच झाकून घेतलात.

म्हणजे मी आयुष्यभर ज्या नजरेची वाट पाहिली ती आईची नव्हती. ती तुमच्या वडिलांनी काढलेली होती. ती माझ्याकडे कशी वळणार होती?

निगेटिव आहे का, हा माझा तिसरा प्रश्न होता. "पावसापान्यात खराब झाल्या सगळ्या," असे म्हणून तुम्ही दुसरा चहा मागवलात. खांद्यावरच्या घडीचा चौथा प्रश्न तुम्ही पाहिलाच नाही असे केलेत. खोटे बोलणे तुम्हांला जमत नसे, यासीनभाई. पहिल्याच भेटीत कुणी दुसरा चहा मागवत नाही.

पण पाचव्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही भरभरून दिलेत. प्रश्न असा होता: माझा संगणक अडकतो; मी मोठी हार्ड डिस्क बसवून घेतली, तरीही तो अडकतो; असे का?

तुम्ही कपाळाला हात लावलात. "बाई, हार्ड डिस्क म्हंजे निगेटिव ठेवाची अल्मारी. अन् मेमरी म्हंजे हे टेबल, ज्याच्यावर मी काम करून राह्यलो. तुमचं टेबल हाय पाटाएवढं, अन् तुमी अल्मारी घेतली भिंतीएवढी. काम कोठी करसान?"

मग तुम्ही मला शिकवलेत. माझ्या चार जीबीतली जवळजवळ निम्मी मेमरी संगणक नुसता चालू राहण्यात जाते. फाइल उघडली की टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा पाहत राहायचे. तो काठोकाठ भरला आणि डिस्कचा दिवा लुकलुकू लागला, की समजायचे, टेबलावरचा पसारा आता जमिनीवर मांडला जातो आहे, आणि दर वेळी वाकून उचलण्यातच वेळ चालला आहे. छापील छायाचित्राला स्कॅनरवर सहाशेचा आकडा पुष्कळ झाला. मोठा आकडा लहानशा निगेटिवसाठी राखावा. आणि एकेका दुरुस्तीसाठी जो थर आपण चढवतो...

"लेयर म्हना बाई. थर तं दह्यावर येते."

...तो प्रत्येक लेयर टेबलावर आपली जागा मागतो. आठ जीबीत काम भागेल, सोळा असले तर सुखाने होईल. बत्तीस कशाला? "कायले? तुमाले का पिक्चर काढाचा हाय?"

पुढचे वर्षभर मी महिन्यातून दोनदा मंगरूळपीरची बस धरत राहिले. तुमची शिकवण्याची रीत माझ्याहून चांगली होती, हे एका शिक्षिकेने मान्य करायला हवे. छायाचित्र तुम्ही अर्धे दुरुस्त करायचात आणि खुर्चीतून उठायचात. "एवढं तुमी करा." मी ओरखडा भरायला घ्यायची, भीतभीत, आणि भीतीपोटीच मोठा ब्रश घ्यायची, म्हणजे एकाच फटक्यात प्रकरण मिटावे. मागून आवाज यायचा: "ब्रश लहान करा, बाई." तुम्ही दाराशी गिऱ्हाइकाशी बोलत असलात तरी तुम्हांला कसे कळायचे, देव जाणे. चूक झाली तर तुम्ही ती पुसायचा नाहीत. "परत घ्या, अन् लहान करा." एवढेच. मला वाटते, तुमचे वडीलही हेच म्हणत असतील, खऱ्या कुंचल्याबद्दल.

आत्याचे लग्न, वडिलांचा शाळेतला गट, एका शेजारणीचा फाटलेला गौरीपूजनाचा फोटो, असे किती चेहरे आपण धुऊन काढले. दर वेळी, निघताना, मी पुन्हा विचारायची: निगेटिवचे काही?

आणि एक दिवस तुम्ही खरे बोललात. "निगेटिव हाय बाई. काचेची हाय, डब्यात कोठीतरी. पन मी दाखवनार नाई. तुमच्या बाबुजीनं अब्बापासून जबान घेतली होती. म्हने, हे माह्या पोरीले कधी दाखवू नका. अब्बानं दुकान माह्या हाती देल्लं, तवा ते बी सांगून देल्लं."

मी विचारले, हे म्हणजे काय? मिटलेले डोळेच ना? ते तर मला कळलेच आहेत.

"ते मले नका विचारू."

माझा आवाज चढला. चौतीस वर्षांत वर्गातही चढला नव्हता असा. माझे वडील गेले, मी म्हणाले. तुमचे वडील गेले. मी चौसष्ट वर्षांची आहे. ज्यांनी शब्द दिला आणि ज्यांनी घेतला ते दोघेही राहिले नाहीत. मग तो शब्द कुणासाठी जपता आहात?

आधार कार्डाच्या फोटोसाठी बसलेली एक बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. तुम्ही तिला हातानेच बसा म्हणालात आणि माझ्याकडे वळलात. "देनारा मेला म्हून जबान बी मरते काय, बाई? मंग कोनी कोनाले देवाचीच कायले?"

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

"अन् ते माहे अब्बा," तुम्ही म्हणालात.

मी निघून आले. दोन महिने मंगरूळपीरची बस धरली नाही. त्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट उमगली, आणि तीही मी तुम्हांला सांगितली नाही. माझ्या घरी दिवसचे दिवस फोन वाजत नाही. तो पूर्वीही वाजत नसे. पण पूर्वी मला ते ऐकू येत नसे.

मग तो वाजला. तुम्ही ना माफी मागितलीत, ना मला मागायला लावलीत.

"बाई, मेमरी घेतली काय?"

"नाही."

"मंग घ्या ना! अन् मी येनार नाई संगं. दुकानात जा, सोताच्या तोंडानं मागा. चिठ्ठी देवाची नाई."

मी गेले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डचे नाव उतरवून घेतले, एका खान्यात किती क्षमतेची पट्टी चालते ते वाचून काढले, डीडीआर-चार जातीची पट्टी लागते हे पक्के केले. इतके सगळे माहीत असूनही काउंटरशी उभी राहिल्यावर दुकानदार म्हणाला, "काय पायजे मॅडम, नातवाले गेम खेळाचे काय?" मी म्हणाले, फोटोसाठी. "फोटोले आठ बस झाली," असे म्हणून त्याने आठ जीबीची पट्टी पुढ्यात ठेवली. सोळा हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि मी "बरं" म्हणाले.

ती पट्टी घेऊन मी तुमच्याकडे आले. आपली शेवटची भेट. तुम्ही डबी उघडून लेबल वाचलेत आणि माझ्याकडे पाहिलेत. फोटोला आठ पुरे असे दुकानदारच म्हणाला, असे मी सांगितले.

"दुकानदारानं तुमचा फोटो पाह्यला होता काय?"

मी म्हणाले, आठची आणखी एक घेईन, म्हणजे जोडी होईल. दोन सारख्या पट्ट्या जोडीने लावल्या तर वेग अधिक मिळतो, असे मी वाचले आहे. तीन ठिकाणी वाचले आहे.

"वाचलं असन. खोटं नाई ते. पन खाने दोनच हायेत तुमच्या बोर्डावर. दोनी भरले, मंग उद्या लागली तं कोठी लावसान? सोळाची एक घ्या. जुनी चारची काढून टाका. एक खाना रिकामा राहू द्या."

मला थोडे हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. "यासीनभाई, या वयात उद्या मला आणखी किती लागणार आहे?"

"मले का मालूम?" तुम्ही म्हणालात. "तुमी तं सुरूच आता केलं."

मी "बघते" म्हणून वाद तिथेच सोडला. निघताना तुम्ही माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह दिलात. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी बांधलेली होती. काय लागले म्हणून मी विचारले, तर तुम्ही हात पाठीमागे नेलात. "तुमच्या आईचा फोटो हाय याच्यात. मेमरी टाकल्याबिगर उघडू नका, उघडनारच नाई म्हना. अन् एक गोष्ट ध्यानात ठेवजा, बाई. मी तुमाले काईच दाखवलं नाई."

मला अर्थ कळला नाही. मला वाटले, तुम्ही धुऊन स्वच्छ केलेली तीच छापील प्रत असेल, तेच रंगवलेले डोळे, आणि निगेटिवचा विषय तुम्ही कायमचा बंद करता आहात. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरी येऊन, तुमचे न ऐकता, ती फाइल उघडून पाहिली. टास्क मॅनेजरमधला आकडा चढत चढत टोकाला गेला, पडदा पांढरा झाला, आणि शेवटी वायर काढावी लागली.

मंगळवारी सकाळी मी पुन्हा त्या दुकानात गेले. चिठ्ठी न घेता. म्हणाले, "ही बदलून द्या. मला सोळाची एक पट्टी हवी आहे." तो म्हणाला, आठच्या दोन देतो, जोडीत चांगली चालते मॅडम. म्हणजे मी वाचले होते ते खरेच होते. मी म्हणाले, "नाही. एकच. एक खाना मला रिकामा ठेवायचा आहे." दुकानदाराने माझ्याकडे पाहिले आणि सोळाची काढून दिली.

जोडीचे माझे म्हणणे मला अजूनही बरोबर वाटते. तरी मी तुमचे ऐकले. हे तुम्हांला सांगण्यासाठी दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला. वाक्य तयार होते: "यासीनभाई, तुम्ही जिंकलात." फोन भाभींनी उचलला. मी "यासीनभाई" एवढेच म्हणाले होते.

"बाई, ते गेले ना," त्या म्हणाल्या. "आत्ता, तासभर झाला."

हातातल्या डबीचे मला काय करावे ते कळेना. मी ती दोन्ही हातांत धरून घरापर्यंत चालत आले.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. बायकांच्या खोलीत सतरंजीवर बसले. सगळ्या जणी काही ना काही बोलत होत्या, तुमच्या थट्टा आठवत होत्या, रडता रडता हसत होत्या.  मी कोण म्हणून सांगणार होते? विद्यार्थिनी? चौसष्टाव्या वर्षी? भाभींनी स्वतःच माझा हात धरला आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ह्या कारंजाच्या बाई. ह्यांच्यासाठीच डबे उपसले त्यायनं दोन महिने. माळ्यावरचे सगळे. हाताले काच लागली, तरी ऐकत नव्हते. मी म्हनलं, काय शोधून राह्यले? तं म्हने, माह्यावर चिडल्या त्या, आता सापडल्याबिगर फोन कसा करू?"

मी मान खाली घातली. त्या खोलीत माझ्याइतकी गप्प दुसरी कुणी नव्हती, आणि माझ्याइतके बोलायचे राहिलेलीही कदाचित कुणी नव्हती.

त्यानंतर आठ दिवस ती डबी टेबलावर पडून होती. भाचीला बोलावता आले असते. दुकानातून माणूस आला असता. पण आज सकाळी मी वायर काढली आणि लोखंडाला हात लावला.

जुनी पट्टी दोन्ही बाजूंच्या चिमट्या दाबल्यावर आपोआप वर आली. नवीची खाच खान्यातल्या उंचवट्याशी जुळवली. उलटी बसतच नाही, हे तुम्ही सांगितले होते. तरी मी तीन वेळा पाहिले. दोन्ही अंगठ्यांनी दाबले. बसली नाही. आणखी दाबायला जीव होईना, वाटले, मोडेल. "जोर लावा बाई, काच नाई ते," असे तुम्ही म्हणाला असतात. मी डोळे मिटून जोर लावला. एका बाजूला कट् वाजले, मग दुसऱ्या बाजूला. शेजारचा खाना रिकामा होता. त्यात थोडी धूळ होती, ती मी फुंकून काढली.

संगणक सुरू झाला. मेमरीच्या आकड्यापुढे सोळा दिसले. मी पेन ड्राइव्ह लावला आणि फाइल उघडली. आकडा चढला, निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. टेबल पुरले, यासीनभाई.

समोर आई होती. तेच रंगवलेले डोळे, तीच पदराची घडी, तीच माझ्या खांद्यामागे जाणारी नजर. स्वच्छ, डाग नसलेली. म्हणजे माझा अंदाज खरा ठरला, असे मनाशी म्हणून मी फाइल बंद करणार होते. मग उजवीकडच्या यादीकडे लक्ष गेले. लेयर एक नव्हता, दोन होते. वरच्याला तुम्ही नाव दिले होते, "अब्बाचं काम". खालच्याला, "बाईची मर्जी".

तेव्हा मला तुमचे वाक्य कळले. तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता की आम्ही दाखवणार नाही. तुम्ही दाखवले नाहीत. झाकूनच दिलेत. लेयरच्या नावाशेजारी डोळ्याचे जे लहानसे चिन्ह असते ते दाबले की तो लेयर नाहीसा होतो, हे मात्र तुम्ही मला पहिल्याच महिन्यात शिकवले होते. जबान तुमची होती. बोट माझे होते.

 मग मी दाबले.

निगेटिव खांद्यापर्यंतची नव्हती. भिंतीशी ठेवलेली खुर्ची पूर्ण दिसत होती. खुर्चीत माझी आई, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. तिच्या मानेमागून पांढऱ्या बाहीचा एक पुरुषी हात आधाराला आला होता. मनगटावरच्या घड्याळावरून मी वडिलांना ओळखले. आणि तिच्या मांडीवर फ्रॉक घातलेली तीन वर्षांची एक मुलगी होती. तिचा एक हात आईच्या डाव्या खांद्यावर होता, जिथे छापील प्रतीत पदराची घडी आहे. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. ती मान वर करून आईकडे पाहत होती.

आई अगदी रेखीव आली आहे; पापणीचा केस न् केस दिसतो. मुलगी तेवढी थोडी हललेली आहे. तुमच्या वडिलांनी शटर उघडे ठेवले तेवढ्या वेळात खुर्चीत फक्त तीच हलली होती.

माझ्या वडिलांना काय वाटले असेल ते मला आता समजते. एवढे आपल्या मुलीने कधी पाहू नये, असे त्यांना वाटले. त्यांनी ते माझ्यावरच्या मायेपोटी झाकले, तुमच्या वडिलांनी कारागिरीने झाकले, आणि साठ वर्षे झाकलेले ते तुम्ही, बोटे कापून घेऊन, झाकूनच माझ्या हाती दिलेत. कुणाचेच चुकले नाही. भांडले तेही बरे झाले; एरवी तुम्ही माळ्यावर चढला नसतात. पण "माझे चुकले" हे दोन शब्द मी तुम्हांला द्यायचे होते, आणि त्या पेन ड्राइव्हच्या दिवशी मी मेमरीच्या जोड्यांबद्दल बोलत बसले.

आईचे डोळे मिटलेले आहेत. त्यामुळे ती आता माझ्या खांद्यावरून मागे, दुसऱ्या कुणाकडे पाहत नाही.

मी फाइल मोठी करून सावकाश फिरले. भिंत तुम्ही स्वच्छ केलेली. खुर्ची, साडी, आईचा चेहरा, सारे स्वच्छ. एकही ओरखडा नाही. मग मुलीच्या चेहऱ्यापाशी आले, आणि तिथे सगळे तसेच होते. गालावर दोन लांब चरे, कपाळावर बुरशीचे ठिपके, हनुवटीवर धुळीचा एक केस. तुम्ही थकलात म्हणून ते राहिले नव्हते. बाकीचे करून तुम्ही खुर्चीतून उठला होता.

हललेला चेहरा स्थिर करता येत नाही, हे मला माहीत आहे. चरे मात्र काढता येतात. मी नवा लेयर घेतला आणि गालावरच्या पहिल्या चऱ्याला हात घातला. डाग मोठा पडला, पार कानापर्यंत गेला. खोलीत कुणी काही बोलले नाही. मी तो परत घेतला, आणि ब्रश लहान केला.